हिंडणाऱ्या लेखकाचे देणे

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस बिरसीच्या एका घरातून आमच्याकडे एक शंभर पानी वही आली. बिरसीत आमच्या धर्मग्रामाची घरे मोजकीच. त्यांतल्या एका घरचा मुलगा कविता करतो, हे आम्हांला तोवर ठाऊक नव्हते. गोंदियाच्या महाविद्यालयात तो शिकतो. दर शनिवारी तास संपले की सायकल एका ओळखीच्या दुकानापाशी ठेवायची, सायंकाळपर्यंत शहरातून पायी हिंडायचे, दिसेल ते टिपायचे आणि दहा-बारा किलोमीटर सायकल हाकीत घरी आल्यावर त्या टिपणांची कविता करायची, असा त्याचा दीड वर्षांचा नेम. स्टेशनचा पूल, भाताच्या गिरण्यांबाहेर उभ्या असलेल्या मालमोटारी, तेंदूपानांची पुडकी, मराठी-हिंदी-पोवारी एकाच वाक्यात बोलणारा बाजार, असे पुष्कळ काही त्या वहीत होते. पहिल्या पानावर त्याने ठळक अक्षरांत एकच शब्द लिहिला होता : 'सामग्री'.

वही आम्हांला आवडली. तिच्यातील एक कविता आम्ही स्वतः निवडून नाताळच्या हस्तलिखितात घातली आणि तिच्यावर चार कौतुकाच्या ओळीही लिहिल्या. त्या कवितेने पुढे जे घडविले, त्यामुळे हा लेख लिहिणे आम्हांला भाग पडले आहे. ते यथावकाश सांगू. आधी प्रश्न मांडतो. लेखकाने निर्मितीची सामग्री गोळा करण्यासाठी शहरात पायी हिंडावे, ही रीत आज सर्वमान्य झाली आहे. पण ज्यांच्यातून तो हिंडतो, त्यांचे तो काही देणे लागतो काय?

पायी हिंडून साहित्य जमविणे मराठीला मुळीच नवे नाही. मराठी गद्याच्या आरंभीच एक पायपीट आहे. श्रीचक्रधरांच्या लीळा जमविण्यासाठी म्हाइंभट गावोगाव फिरले. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकिले होते, त्यांच्यापाशी बसून त्यांनी आठवणी मिळविल्या आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या विदर्भातील रिद्धपूर येथे 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. म्हाइंभट नुसते पाहत हिंडले नाहीत, ते विचारत हिंडले, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

शहराची गोष्ट मात्र वेगळी. गावात परका माणूस आला की गाव त्याला हटकते : कोण, कुठला, कोणाकडे आलास? शहर हटकत नाही. त्यामुळे शहरात हिंडणाऱ्याला स्वतः अदृश्य राहून सर्वांना पाहण्याची एक विलक्षण मुभा मिळते. चार्ल्स डिकन्स यांना झोप येईनाशी झाली, तेव्हा ते रात्ररात्र लंडनमध्ये चालत राहिले आणि त्या चालण्यातून १८६० साली 'नाइट वॉक्स' हा निबंध झाला. फ्रान्समधील येशूसंघीय मिशेल द सर्तो (१९२५–१९८६) यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात शहरात चालण्यावर एक प्रकरण लिहिले आहे. त्याचा आरंभ होतो न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राच्या ११०व्या मजल्यावर. (ते मनोरे २००१ साली कोसळले.) त्या उंचीवरून शहर एखाद्या ग्रंथासारखे वाचता येते, परंतु तो ग्रंथ लिहितात ती खाली चालणारी माणसे, आणि त्यांना तो वाचता येत नाही, असे त्यांचे म्हणणे.

बिरसीच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी येथे धावपट्टी बांधली. तिच्यावरून आता शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने उडतात आणि धानाच्या बांध्यांवर दिवसभर घिरट्या घालतात. त्या वैमानिकांना बिरसी, कामठा, गोंदिया सारे काही एका दृष्टिक्षेपात दिसत असेल. रोवणीला वाकलेल्या बाईच्या पाठीचा काटा मात्र त्यांना दिसत नाही. आमच्या तरुण कवीने विमानाकडे पाठ फिरवून चालण्याचा मार्ग घेतला, हे चांगलेच झाले. पण चालणारा माणूस जमिनीवर असतो म्हणून त्याची दृष्टी विमानातली नसतेच, असे समजू नये. आमची चूक येथेच झाली.

मराठीत शहरात हिंडून लिहिलेल्या पुस्तकांचा मूळपुरुष म्हणजे गोविंद नारायण माडगावकर (१८१५–१८६५) यांचे 'मुंबईचे वर्णन'. ते १८६३ साली निघाले. माडगावकर मूळचे गोमंतकातले. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात त्यांनी पुष्कळ वर्षे अध्यापन केले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, पण मिशनच्या शाळेतील मास्तरकीचा ठसा त्यांच्या लेखनावर आहे. सर्व काही नीट समजावून सांगावे, वाईट चालींवर कोरडे ओढावे आणि नव्या सुधारणांचे कौतुक करावे, ही ती वृत्ती. पुस्तकाचे भाग्य असे की, ते अगदी मोक्याच्या घडीला लिहिले गेले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला; आगगाडी सुरू होऊन दहा वर्षे झालेली; कोटाची तटबंदी पाडण्याची लगबग त्याच सुमारास चाललेली. जुने शहर डोळ्यांदेखत जात होते आणि नवे उभे राहत होते. बाजार, देवळे, जत्रा, कारखाने, गोद्या, नाना जातींचे नाना धंदे, असे सर्व माडगावकरांनी हौसेने आणि धीराने टिपले. पुढे मुंबईवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या ओंजळीतून पाणी प्यायले आहे. २००८ साली मुरली रंगनाथन यांनी या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकांनाही त्याचे मोल कळले.

तरीही पुस्तक मिटल्यावर एक उणीव जाणवते. त्यात ज्यांना नावे आहेत ते बहुतेक शेटसावकार, दानशूर व अधिकारी. हमाल, फेरीवाले, गिरणीतली माणसे भेटतात ती धंद्याच्या व जातीच्या नावाने, थव्याथव्याने. त्यांतला एकही थांबून माडगावकरांशी बोलत नाही. १८६३ सालच्या शिक्षकाकडून याहून अधिकाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, हे आम्ही जाणतो. परंतु त्यांच्या मागून आलेल्या कित्येक ललितलेखकांनी माडगावकरांचा कष्टाळूपणा सोडला आणि तेवढा हा दुरून पाहण्याचा गुण उचलला, ही तक्रार आमच्या मनात जुनी आहे. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून 'फुटपाथवरचे जीवन' या थाटाचे जे लेख वर्षानुवर्षे येत राहिले, त्यांतला भिकारी सदैव थरथरत असतो, सदैव म्हातारा असतो आणि त्याला कधीही विनोद सुचत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला नारायण सुर्वे (१९२६–२०१०) आणि नामदेव ढसाळ (१९४९–२०१४) उभे आहेत. या दोघांना सामग्रीसाठी हिंडावे लागले नाही. सुर्वे यांना अर्भकावस्थेत गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून घरी नेले. मुंबईचा रस्ता हीच त्यांची पहिली जन्मनोंद. पुढे ते शाळेत आधी शिपाई व मग शिक्षक झाले. 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहाच्या नावातले विद्यापीठ कोणते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. त्यांची एक कविता आम्हांला फार मोलाची वाटते. देहविक्रय करणारी एक आई मुलाचे नाव शाळेत घालावयास मास्तरांकडे येते आणि बापाच्या नावाच्या जागी मास्तरांनी स्वतःचेच नाव लिहावे, असे सांगते. कवीने तिला हुडकले नाही. तीच कवीच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली आणि तिने त्याच्याकडे मागितले काय, तर त्याचे नाव. कवितेच्या विषयाने कवीकडे हक्काने काही मागावे, असे प्रसंग साहित्यात विरळ.

ढसाळांचे 'गोलपिठा' १९७२ साली आले, तेव्हा आमच्यासारख्या घरांतून ते उघडपणे वाचले जात नव्हते. पुढे सेमिनरीत असताना एका सहाध्यायाने ते तात्त्विक ग्रंथाच्या वेष्टनात आणले होते. आम्ही चार पाने वाचून मिटले. भाषेचा धक्का हे कारण आम्ही तेव्हा दिले. खरे कारण असे की, त्यातले निम्मे शब्द आम्हांला कळतच नव्हते आणि ते न कळणे कबूल करण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. ते धैर्य विजय तेंडुलकरांत होते. त्यांनी त्या संग्रहाला प्रस्तावना लिहिली. तत्पूर्वी कित्येक शब्दांचे अर्थ त्यांनी कवीलाच विचारले आणि कवीबरोबर त्या वस्तीतून ते फिरले. त्या वेळी नाटककार म्हणून तेंडुलकरांचे नाव गाजत होते आणि ढसाळ पंचविशीच्याही आतले. ज्येष्ठाने कनिष्ठाच्या मागे चालावे, अर्थ विचारावा आणि आपले अज्ञान छापून कबूल करावे! हिंडण्याची ही रीत आम्हांला अनुकरणीय वाटते. लेखक वाटाड्या नाही, येथे त्याला वाटाड्या लागतो.

मग ज्याचा जन्म त्या रस्त्यावर झालेला नाही, त्याने लिहूच नये काय? तसे म्हटले तर निम्मे साहित्य बाद होईल. या प्रश्नाचे सर्वांत समाधानकारक उत्तर आम्हांला अरुण कोलटकरांपाशी मिळाले.

कोलटकर मूळचे कोल्हापूरचे, चित्रकलेचे शिक्षण घेतलेले, जाहिरातीच्या धंद्यात नाव कमावलेले. तरुणपणी त्यांनीही पायपीट केली. मुंबई सोडून भुकेल्या पोटी गावोगाव चालत गेलेल्या माणसाची त्यांची एक मराठी कविता आहे. तिचे इंग्रजी रूप त्यांनीच 'द टर्नअराउंड' या नावाने केले. 'जेजुरी' (१९७६) मध्येही एक हिंडणारा आहे. तो एस.टी.ने येतो, देवळादेवळांतून भटकतो आणि अखेर रेल्वे स्टेशनवर येऊन थांबतो. त्या पुस्तकाला १९७७ साली राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. 'देवळात जाऊन श्रद्धा न बाळगणारा' म्हणून टीकाही पुष्कळ झाली. ती टीका आम्हांला पटत नाही. पण 'जेजुरी'चा हिंडणारा एका दिवसाचा पाहुणा आहे, हे खरे.

'काळा घोडा पोएम्स' (२००४) मध्ये कोलटकर हिंडणेच थांबवितात. मुंबईतील काळा घोडा चौकातील 'वेसाइड इन' या उपाहारगृहाच्या खिडकीपाशी ते वर्षानुवर्षे बसत आले. ज्याच्यावरून चौकाला नाव पडले तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ सालीच हलविला गेला होता. (आज तेथे जो घोडा आहे, तो २०१७ साली बसविलेला, स्वाराविना.) कवी एका जागी आणि हिंडते ते शहर. पहाटे वाहतूक-बेटावर पहुडलेला एक गावठी कुत्रा, त्याच्या अंगावरच्या ठिपक्यांत मुंबईच्या सात बेटांचा जुना नकाशा. कचऱ्याच्या गाडीत उतरून कचरा तुडविणारी एक बाई. तुरुंगातून सुटून आलेल्या जोडीदाराच्या डोक्यातल्या उवा शांतपणे वेचणारी दुसरी. अर्धा चेहरा भाजलेली, रस्त्यावरच्या एका पोराला घासूनपुसून आंघोळ घालणारी तिसरी. दुपारच्या सुटीत जेवणारा उंदराच्या औषधाचा माणूस. आणि इडल्यांची टोपली घेऊन येणारी ती बाई, जिच्याभोवती क्षणात एक भोजनगृह उभे राहते आणि इडल्या संपताच विरून जाते.

यांतील कोणाचीही कीव कोलटकर करीत नाहीत. कोणालाही दारिद्र्याचे प्रतीक म्हणून उभे राहावयास सांगत नाहीत. आंघोळ घालणाऱ्या बाईचे हात कसे फिरतात, पोर कसे वळवळते, आंघोळ संपल्यावर ते कसे ताठ उभे राहते, हे ते इतक्या सावकाश पाहतात की, वाचकाला घाई असेल तर कविता त्याला कंटाळवाणी वाटावी. हा सावकाशपणा एका फेरफटक्यात मिळत नाही. रोज तीच बाई, तेच पोर, तोच कुत्रा पाहिल्यावर आजचा दिवस कालच्याहून कोठे निराळा आहे हे दिसू लागते. धर्मग्रामातील घरभेटींचा आम्हांला तीस वर्षांचा अनुभव आहे. पहिल्या भेटीत घराचे सामान दिसते. माणसे दिसावयास पुष्कळ भेटी लागतात.

तरी एक आक्षेप उरतोच. त्या चौकातील माणसांवरची ही कविता इंग्रजीत आहे. इडलीवालीने ती वाचली असण्याचा संभव नाही. मराठीतील एवढ्या मोठ्या कवीने मुंबईच्या रस्त्याचे आपले सर्वांत प्रदीर्घ चित्र मराठीत का रेखाटले नाही, असे आम्ही कुरकुरलो आहोत. 'भिजकी वही' मराठीत आहे, तिला २००५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला, पण तिच्या रडणाऱ्या स्त्रिया जगभरच्या आहेत, काळा घोड्याच्या नव्हेत. हा आक्षेप आम्हांला खोडता येत नाही.

जाता जाता आणखी एका हिंडणाऱ्याची आठवण काढतो, कारण तो आमच्याच वाटेवरून गेला. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने नारायण वामन टिळकांच्या हाती 'नवा करार' ठेवला. ती गाडी गोंदियावरूनच जाते. टिळकांची भटकंती हा त्यांच्या काव्याचा आणि पुढे त्यांच्या श्रद्धेचाही झरा, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या भटकंतीचा खर्च कोणी सोसला, हे कळण्यासाठी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) वाचावी लागतात. कवी निघून जातो आणि घरी राहिलेली बाई दारापाशी, चुलीपाशी, नातलगांच्या बोलण्यात उरते. ती हे सर्व हसत सांगते, म्हणून ते अधिकच बोचते. हिंडणाऱ्या लेखकाचे देणे घरीही असते. आमच्या तरुण कवीच्या आईने हे आम्हांला वेगळ्या शब्दांत ऐकविले आहे : "शनिवारी धान कापायला माणूस नसतो, फादर, अन् हा स्टेशनावर कविता वेचतो."

आता त्या नाताळची गोष्ट. आम्ही निवडलेल्या कवितेत स्टेशनच्या पुलाखाली आपल्याच सायकल-रिक्षात आडवा झालेला एक वृद्ध रिक्षावाला होता. भर दुपार, तोंड किंचित उघडे, पाय हँडलवर, छातीवर लाल फडके. भोवती सारे शहर धावते आहे आणि हा एकटाच निवांत झोपला आहे, असे ते चित्र. रिक्षाच्या पाठीवर रंगविलेले अक्षरही कवीने नेमके टिपले होते. आम्ही कौतुकात लिहिले : 'शहराच्या धकाधकीत निरागस विश्रांतीचा हा एक क्षण.' हस्तलिखित चर्चच्या व्हरांड्यात मांडले. नाताळात गव्हाणीचा देखावा पाहावयास शहरातील पुष्कळ बिगरख्रिस्ती कुटुंबे येतात. त्यांतली एक तरुणी त्या पानापाशी बराच वेळ उभी राहिली आणि नंतर आमच्याकडे आली. लाल फडके आणि ते अक्षर तिने ओळखले होते.

"माझे बाबा झोपले नव्हते, फादर," ती म्हणाली, "ताप होता त्यांना. दवाखान्यात न्यायला मी येईपर्यंत पडून होते."

तिने आवाज चढविला नाही. कविता काढून टाका, असेही म्हणाली नाही. आम्ही क्षमा मागितली, तेव्हा एवढेच म्हणाली, "त्यानं विचारलं असतं तर बाबांनी सांगितलं असतं. ते सगळ्यांशी बोलतात."

त्या रात्री आम्ही कविता पुन्हा वाचली. सभ्यतेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून केवळ टीकाकाराच्या नजरेने वाचली, तरीही ती आता कोसळत होती. उघडे तोंड निरागसतेचे नव्हते, घशाला पडलेल्या कोरडीचे होते. भर थंडीत दुपारच्या उन्हात तो पडला होता, ही खूण कवितेतच होती. ती कवीला दिसली, पण वाचता आली नाही, आणि आम्हांलाही नाही. प्रतिमा सुबक होती, म्हणून आम्ही तिच्यावर विश्वास ठेवला. तीस वर्षे रुग्णांना अभ्यंग देणाऱ्या माणसाला तापाने पडलेला देह ओळखता आला नाही, कारण तो कवितेत पडला होता.

मुलाला बोलावून आम्ही हे सांगितले. त्याचा चेहरा उतरला. प्रथम त्याने बचाव केला : कवितेला तपशील खरा असावा लागत नाही, असे त्यांना शिकविले होते. तो बचाव सर्वस्वी खोटा नाही. कल्पित रिक्षावाला त्याने निर्माण केला असता तर त्याला हवे तसे झोपविण्याचा अधिकार त्याला होता. पण ज्याचे फडके, ज्याची रिक्षा, ज्याचे अक्षर जसेच्या तसे उचलले, त्याचा ताप तेवढा वगळता येत नाही. मग तो पुढच्या शनिवारी पुलाखाली गेला. एका भेटीत काम भागले नाही. तीन-चार शनिवार गेले. वृद्ध गृहस्थांनी त्याला चहा पाजला, ई-रिक्षा आल्यापासून धंदा कसा बसला ते सांगितले, आणि कविता ऐकून एक दुरुस्ती सुचविली : पाय हँडलवर नव्हते, सीटवर होते. हँडलवर पाय ठेवणारा रिक्षावाला त्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही.

दुसरे रूप आता आमच्यासमोर आहे. काव्यदृष्ट्या ते सर्वत्र सरस झाले आहे, असे आम्ही म्हणणार नाही. मधली सहा ओळींची संभाषणे ढिली आहेत, शेवट घाईचा आहे, आणि ई-रिक्षावरचा उपहास वर्तमानपत्री वाटतो. पहिल्या रूपातला गोळीबंदपणा गेला. पण तापलेल्या माणसाला दुरून येणारी आपली मुलगी गर्दीतून प्रथम कशी दिसते, तिची चप्पल आधी आणि चेहरा नंतर, हे जे दोन चरण त्यात आले आहेत, ते पुलावर उभे राहून कोणाला सुचले नसते. ते त्या वृद्धांनीच सांगितले, असे मुलगा म्हणतो, आणि कवितेखाली त्यांचेही नाव घालावे काय, असे विचारतो. आम्ही त्यालाच ते त्यांना विचारावयास सांगितले आहे. शनिवारी तो जाणार होता. पण धानाची मळणी निघाल्यामुळे आईने त्याला घरी ठेवून घेतले आहे.